डेझर्ट ईगल, .४५ की १० एमएम? मोठ्या कॅलिबरचं पिस्तूल निवडायचं कसं आणि हाताळायचं कसं

अमेरिकेत सेटल झालेल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये आता शूटिंग रेंजवर जाणारे बरेच आहेत, टेक्सास, ॲरिझोना, जॉर्जियाकडे तर दर वीकेंडला कोणी ना कोणी दिसतंच, आणि ९ एमएमवर थोडा हात बसला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मोठं काहीतरी घ्यायचंय, डेझर्ट ईगल घेऊ का?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर एक-दोन वाक्यांत होत नाही म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: पिस्तूल किती ताकदवान आहे हे दुसरं, तुमच्या हातात ते बसतं का आणि दुसरी गोळी सुद्धा तुमच्याच मर्जीने सुटते का, हे पहिलं. खाली जे काही आहे ते सगळं याच धाग्याला धरून आहे.

आधी कागद बघा

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण तो वगळू नका, कारण यात चुकलात तर नुसता दंड नाही, इमिग्रेशनचं सगळं धोक्यात येतं. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा फिरायला म्हणून बी-२ वर आलेले आईबाबा, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आत आलेली व्यक्ती, यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. लोकांना वाटतं की विकत घेत नाहीये ना, रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या मारतोय, मग काय प्रॉब्लेम, पण हातात घेणं हेसुद्धा "जवळ बाळगणं" धरलं जाऊ शकतं आणि बंदुकीशी संबंधित गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचं थेट कारण होतं. त्यामुळे व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजच्या काउंटरवरच्या पोराला नाही. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल पातळीवर घेता येतं, दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो.

मग राज्याचा कायदा. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट काढावं लागतं आणि मॅगझिन (दस्त्यात सरकवायची गोळ्यांची पेटी) १० गोळ्यांपेक्षा मोठं चालत नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या यादीत असलेलंच मॉडेल नवीन विकत मिळतं आणि १० दिवस थांबावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये तर मॅगझिन काढता येणाऱ्या सेमी-ऑटो (चाप एकदा दाबला की एक गोळी सोडून पुढची आपोआप चढवणाऱ्या) पिस्तुलाचं रिकामं वजन ५० औंस (सुमारे १.४ किलो) किंवा त्याच्या वर असेल तर तेवढ्यावरच ते असॉल्ट वेपनच्या व्याख्येत जातं, म्हणजे जवळपास दोन किलोचा डेझर्ट ईगल तिथे सरळ बाद. टेक्सासमधल्या मित्राने काय केलं ते न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालेलच असं नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच की आपल्याकडे सामान्य लायसन्सवर .३२ मिळतं, ९ एमएम सुद्धा प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या गटात, मोडतं, त्यामुळे इथलं निवडीचं बोलणं तिकडे लागू होत नाही. हाताळणीचे नियम मात्र .३२ ला सुद्धा जसेच्या तसे लागू.

मोठं कॅलिबर म्हणजे नेमकं किती मोठं

इथे फार गोंधळ असतो. कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, ताकद नव्हे. .४५ एसीपीची गोळी ११.४३ एमएमच्या आसपास जाड, वजन साधारण २३० ग्रेन म्हणजे १५ ग्रॅम, पण ती सावकाश जाते, सेकंदाला साधारण ८५० फूट. ९ एमएमची गोळी तिच्या निम्म्या वजनाची पण वेग जास्त, त्यामुळे दोघींची ऊर्जा जवळजवळ सारखीच निघते, साडेतीनशे फूट-पाउंडच्या (गोळीची ऊर्जा मोजायचं एकक) आगेमागे. धक्का मात्र वेगळा लागतो, ९ एमएम चटकन टोचते आणि .४५ मागे ढकलते, आणि बऱ्याच जणांना ते ढकलणं जास्त सोसतं.

१० एमएम ऑटो ही पुढची पायरी. १९८३ साली ब्रेन टेन या पिस्तुलाबरोबर आली, पिस्तूल नेमबाजीचे नावाजलेले अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांचा त्यामागे मोठा हात, आणि १९८६ साली मायामीत एफबीआय आणि दरोडेखोरांमध्ये झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने काही काळ ती स्वीकारलीसुद्धा. पूर्ण दाबाचं १० एमएम काडतूस ६०० फूट-पाउंडच्या वर जातं. दुकानात हलक्या दाबाचीही मिळतात, त्यामुळे डबीवरचा वेग वाचायची सवय लावा, एकाच नावाच्या दोन डब्यांत फार फरक असू शकतो. .४४ मॅग्नम ९०० च्या आसपास किंवा वर, आणि .५० एई, म्हणजे डेझर्ट ईगलची अर्धा इंच जाडीची गोळी, १४०० च्या वर. म्हणजे .४५ वरून .५० वर जाणं हे नावात पाच अंकांचं अंतर दिसतं पण प्रत्यक्षात ऊर्जा चौपट होते, आणि हे हातात घेईपर्यंत कोणालाच पटत नाही.

कशासाठी हवंय ते स्वतःला विचारा

घराच्या संरक्षणासाठी म्हणत असाल तर माझं स्पष्ट मत, .४४ आणि .५० नको. अमेरिकन घरं लाकडाची चौकट आणि ड्रायवॉलची (जिप्समच्या पातळ फळ्यांची) असतात, ९ एमएम सुद्धा त्या भिंतीतून पार जाते, मग ही काय थांबणार, आणि भिंतीपलीकडे मुलं झोपलेली असतात. रात्री अंधारात, झोपेतून उठून, दोन किलोचं अवजड पिस्तूल आणि आगीचा एवढा मोठा लोळ, त्यानंतर काही सेकंद डोळ्यांपुढे नुसती तिरीप. मोठंच हवं असेल तर .४५ पुरेसं मोठं आहे.

अलास्का, मोंटानाकडे ट्रेकला जाणारे अस्वलांसाठी १० एमएम नेतात, त्यात ग्लॉक २० फार दिसतं कारण १५ गोळ्या बसतात आणि रिकामं वजन पाऊण किलोच्या थोडंच वर. त्या कामाला ते योग्य आहे (बेअर स्प्रे बरोबर ठेवायचाच, पिस्तूल त्याच्या ऐवजी नाही).

आणि नुसती हौस म्हणून, टार्गेटसाठी, किंवा हँडगनने शिकारीची परवानगी आहे अशा राज्यात हरणासाठी म्हणून डेझर्ट ईगल घ्यायचं असेल तर जरूर घ्या, सुंदर मशीन आहे. फक्त त्याचे चोचले माहिती करून घ्या.

डेझर्ट ईगल आतून वेगळं आहे

मिनेसोटातली मॅग्नम रिसर्च आणि इस्रायलची शस्त्रं बनवणारी कंपनी आयएमआय यांनी मिळून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काढलं, आता ते मिनेसोटातल्या पिलेजर गावात बनतं. नेहमीच्या पिस्तुलात गोळीच्या धक्क्यानेच स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे जाते. इतक्या ताकदीच्या काडतुसाला ती पद्धत झेपत नाही, म्हणून यात रायफलसारखी गॅस सिस्टिम आहे: नळीतला थोडा गॅस एका बारीक भोकातून खालच्या नळकांड्यात येतो, तो पिस्टन ढकलतो, आणि काडतुसाच्या मागे बसलेला गोल बोल्ट फिरून उघडतो. हे समजलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप कळतात.

एक, शिशाची उघडी गोळी यात वापरायची नाही, तांब्याचं आवरण असलेलीच घ्यायची, कारण शिसं खरवडून त्या बारीक भोकात जाऊन बसतं. दोन, कमी दाबाची काडतुसं चालत नाहीत, .४४ स्पेशल घालाल तर गॅसच पुरणार नाही आणि पिस्तूल पुढची गोळी चढवणारच नाही. तीन, मॅगझिन आत थोडं हलतं राहतं, ते तसंच बनवलंय, त्यामुळे डाव्या हाताचा तळवा मॅगझिनच्या बुडाखाली टेकवून धरायची जी सिनेमातली पद्धत आहे तिने मॅगझिन वर ढकललं जातं आणि जॅम होतो. रेंजवर "हे पिस्तूल खराब आहे" म्हणून जी कुरकुर ऐकू येते त्यातली बरीचशी या तीनपैकीच एका कारणाने असते.

कॅलिबर तीन मुख्य, .३५७ मध्ये ९ गोळ्या, .४४ मध्ये ८, .५० मध्ये ७. मला विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने .४४ घ्यावं. काडतूस कुठेही मिळतं, .५० पेक्षा स्वस्त पडतं, .५० ची एकेक गोळी दोन डॉलरच्या आसपास धरून चाला, म्हणजे एका दुपारी ५० गोळ्या मारल्या तर शंभर डॉलर गेले. आणि .५० एईच्या पुंगळीची (काडतुसाचं पितळी आवरण) मागची कड मुद्दाम .४४ मॅग्नमएवढीच ठेवलेली आहे, म्हणून मार्क १९ मॉडेलमध्ये नुसती बॅरल (नळी) आणि मॅगझिन बदललं की तेच पिस्तूल .४४ चं .५० होतं. पुढे हौस वाढली तर वाट मोकळी आहे. .३५७ ला मात्र बोल्टही बदलावा लागतो.

हातात बसतंय का, हे दुकानात कसं बघायचं

दुकानदाराला आधी म्हणा की रिकामं करून दाखवा. त्याने दाखवलं तरी तुम्ही स्वतः मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि मग करंगळीने चाचपून बघा. यात कोणाला राग येत नाही, उलट समोरचा ओळखतो की माणूस शिकलेला आहे.

आता उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जी खोबण आहे ती दस्त्याच्या मागे जितकी वर जाईल तितकी वर बसवा. पिस्तुलाची नळी आणि तुमच्या हाताचं कोपरापर्यंतचं हाड एका रेषेत आलं पाहिजे. त्या स्थितीत, मूठ न फिरवता, बोटाचं पहिलं पेर चापावर पोचतंय का बघा. डेझर्ट ईगलचा दस्ता जाडजूड आहे आणि चाप लांब आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांचं, बायकांचं तर हमखास, बोट तिथवर पोचत नाही, मग नकळत मूठ थोडी बाजूला फिरवली जाते आणि पिस्तूल अंगठ्याच्या सांध्यावर टेकतं. दुकानात ते ठीक वाटतं. गोळी सुटल्यावर सगळा धक्का त्या एका सांध्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी अंगठा हलत नाही. बोट पोचत नसेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, १९११ नावाचं .४५ चं पिस्तूल बघा, सिंगल स्टॅक (गोळ्या एकाच रांगेत बसणाऱ्या) मॅगझिनमुळे त्याचा दस्ता बारीक असतो आणि चाप जवळ, शिवाय स्टीलचं असल्यामुळे साधारण १.१ किलो वजनात .४५ चा धक्का बराचसा मुरतो. जॉन ब्राउनिंगचं ते डिझाइन अमेरिकन सैन्याने १९११ साली घेतलं आणि लहान हातांना ते आजही जमतं.

स्लाइड ओढताना नुसत्या चिमटीने ओढू नका, पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेलाच, डाव्या हाताने स्लाइड वरून घट्ट पकडा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. अंगाचं बळ लागतं म्हणून बऱ्याच जणांची नळी नकळत डावीकडे शेजारच्या माणसाकडे वळते, तिथे फार लक्ष द्या.

सेफ्टीची कळ पण तपासा. १९११ वर कळ खाली केली की पिस्तूल फायरवर येतं, डेझर्ट ईगलवर उलटं, वर केली की फायर. दोन्ही वापरणार असाल तर हा फरक हातात मुरेपर्यंत रिकाम्या पिस्तुलावर सराव करा. आणि सेफ्टी लावली म्हणून नळी कुठेही वळवायची नाही, ती कळ एक यांत्रिक भाग आहे, बिघडू शकते.

रेंजवर, पहिला दिवस

चार नियम सगळ्यांना माहिती असतात तरी लिहितो. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जिथे गोळी जाऊन चालणार नाही तिथे नळी वळवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, दस्त्याच्या वर फ्रेमवर सरळ. आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहिती पाहिजे.

कानात फोमचे बोळे आणि वरून मफ (कान झाकणारे), दोन्ही, विशेषतः छताखालच्या रेंजवर. डोळ्यांना चष्मा, गळ्याशी बंद शर्ट, कारण गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस भरलेलं पिस्तूल हातात घेऊन नाचतो आणि तिथेच अपघात होतो. डोक्याला कॅप, कारण डेझर्ट ईगलच्या पुंगळ्या कधीकधी सरळ कपाळाकडे येतात.

उभं कसं राहायचं: पाय खांद्याएवढे फाकवून, डावा थोडा पुढे, गुडघे किंचित सैल, आणि अंग कमरेतून पुढे झुकलेलं. नवा माणूस धक्क्याच्या भीतीने मागे रेलतो आणि मग धक्का त्याला आणखी मागे नेतो. उजव्या हाताने वर सांगितल्यासारखी उंच पकड, डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या बोटांवरून, दोन्ही अंगठे डाव्या बाजूला पुढे तोंड करून एकावर एक. डावा अंगठा उजव्या हाताच्या मागून, स्लाइडच्या पाठीशी कधीही जाऊ द्यायचा नाही, स्लाइड मागे येते तेव्हा कातडं फाडून टाकते. डाव्या हाताने जास्त जोर, उजव्याने कमी, म्हणजे चापाचं बोट मोकळं राहतं. मनगटं घट्ट. मनगट सैल पडलं की सेमी-ऑटो पिस्तूल हातातच मागे सरकतं, स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि पुंगळी अडकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा. सात नाही, तीन नाही, एक. कारण सांगतो. चाप दाबला, गोळी सुटली, धक्क्याने पिस्तूल वर उडालं. त्या झटक्यात चाप क्षणभर सुटतो, मग घाबरलेला हात पिस्तूल धरून ठेवायला आवळला जातो, आवळताना बोटही आवळलं जातं, आणि पिस्तुलाने तोवर पुढची गोळी चढवलेली असते. ती दुसरी गोळी छताकडे, किंवा हात अजून वर गेला असेल तर मारणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याकडे सुटते. डेझर्ट ईगलचा चाप हलका आहे, साधारण चार पाउंडांचा, त्यामुळे हे सहज होतं. २०१४ साली ॲरिझोनातल्या रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी दिली होती, धक्क्याने ती वर फिरली आणि शेजारी उभा असलेला इन्स्ट्रक्टर गेला. हत्यार वेगळं, तिथे ऑटोमॅटिक फायर होता, पण हात वर उडणं आणि चापावरच्या बोटाचा ताबा सुटणं हे तसंच. म्हणून भारतातून आलेल्या मित्राला, भाच्याला, बायकोला "एकदा बघ तरी मारून" म्हणून भरलेलं मॅगझिन देऊ नका, आणि त्याचा चेहरा कसा होतो याचा व्हिडिओ काढत बाजूला उभे राहू नका. कागदपत्रं ठीक असलेल्या माणसालाच द्यायचं, आधी .२२ वर, मग ९ एमएमवर, मग हे, तेही एका गोळीने. तुमचा हात त्याच्या खांद्यामागे असू द्या.

त्या एका गोळीनंतर स्लाइड मागे अडकून थांबेल. पिस्तूल समोरच ठेवून श्वास घ्या. पुन्हा एक. असं पाच-सहा वेळा झालं, धक्का ओसरल्यावरच चाप सोडायची सवय दिसली, मग दोन भरा. चाप दाबताना ओढू नका, सावकाश दाब वाढवत न्या आणि गोळी सुटली तरी क्षणभर चाप मागेच धरून ठेवा, पिस्तूल खाली येऊन साइट (नेम धरायची खूण) पुन्हा टार्गेटवर आली की सोडा. गोळ्या सगळ्या खाली आणि डावीकडे लागत असतील तर समजा की आवाजाच्या आधीच हात आवळतोय. उपाय म्हणजे मित्राला सांगा की मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी डमी (न सुटणारी नकली गोळी) मिसळ, तुम्हाला न सांगता. डमीवर चाप दाबला की नळी खाली झुकलेली तुमची तुम्हालाच दिसेल.

.५० च्या वीस-पंचवीस गोळ्यांनंतर थांबा. हात थकला की पकड जाते, आणि उरलेल्या गोळ्या वाया जातात.

अडकलं तर

क्लिक झालं आणि गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबा, दारू उशिरा पेटू शकते. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, काडतूस बाहेर टाका. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर लगेच थांबा, पुढची गोळी अजिबात मारू नका, कारण पहिली नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फुटते. रिकामं करा, बॅरल काढून उजेडात आरपार बघा. पुंगळी उभी अडकली असेल तर आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड, घाईने बोटं घालायची नाहीत.

साफसफाई आणि घर

काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवा, मग साफ करायला बसा. डेझर्ट ईगल उघडायला सोपं आहे, मॅगझिन काढून चेंबर बघितला की बॅरलखालचं बटण दाबून लिव्हर फिरवायची, बॅरल वर उचलून निघते आणि स्लाइड पुढून सरकते, स्प्रिंग दाबाखाली असतात तेव्हा चष्मा लावा. गॅसच्या नळकांड्यात आणि पिस्टनवर काळी राख जमते, ती दर वेळी पुसा, नळीला ब्रश मारा.

रेंजवरून आल्यावर हात आणि तोंड थंड पाण्याने साबण लावून धुवा आणि कपडे वेगळे टाका, शिशाची धूळ असते, घरात लहान मूल असेल तर त्याला उचलून घेण्याआधी हे झालंच पाहिजे. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद सेफमध्ये, काडतुसं वेगळ्या कुलपात. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय, मुलांना माहिती नाही, असं म्हणणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगतो की मुलांना घरातली प्रत्येक फळी माहिती असते.

गाडीतून दुसऱ्या राज्यात नेताना रिकामं, कुलूपबंद पेटीत, डिकीत. विमानाने देशांतर्गत नेताना कडक कवचाच्या कुलूपबंद केसमध्ये, चेक-इन सामानात, काउंटरवर स्वतः सांगून.

आणि मुंबईला सुट्टीवर जाताना रेंजची बॅग घरीच ठेवा. ती बॅग "चांगली मजबूत आहे" म्हणून केबिन बॅग म्हणून भरली जाते, कप्प्यात एखादं जिवंत काडतूस राहिलेलं असतं, आणि भारतातल्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसलं की आर्म्स ॲक्टखाली केस होते, पुढची फ्लाइट जाते, सुट्टी पोलीस स्टेशन आणि कोर्टात जाते. रेंजसाठी एक वेगळी बॅग ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा की ही बॅग प्रवासाला कधीच न्यायची नाही.